बिनदोऱ्याची शिलाई

तपासनीस साहेब,

शिवणकाम परदेशी जाऊ नये म्हणून सरकार आमच्या मालकांना सवलत देतं. मशिनं चालू आहेत का, ते बघायला काल तुम्ही आलात. "छान चाललंय की, ताई," म्हणालात, तेव्हा मी मान डोलावली. काम कधीच परदेशी गेलंय, साहेब. महिनाभर दोराही आलेला नाही. मालक म्हणाले होते, "नुसतं पायडल दाबा, नाहीतर उद्यापासून घरी बसा." चाळीसजणींनी दाबलं.

जाताना तुम्ही माझ्याच मशिनवरचा तुकडा नमुना म्हणून बॅगेत टाकलात. त्याला सुईची नुसती भोकं आहेत. तुम्हाला कळलं, तर कारखान्याला कुलूप लागेल. हे पत्र टाकायची छाती होत नाही. पण हात जोडते, तो तुकडा उजेडाकडे धरू नका.

खिडकीजवळच्या मशिनवरची,
ताई