बाबांच्या खोलीचा धूपछाव रंग

अल्फारेटा, जॉर्जिया
१५ जानेवारी २००६

सौ. आसावरीवहिनींना शोभनाचा नमस्कार.

गणपतीत आलेल्या तुमच्या पत्राला संक्रांतीनंतर उत्तर देते आहे, याबद्दल रागवा. वेळ मिळाला नाही असं लिहिणार होते, पण ते खरं नाही. वेळ होता, तो मी भिंतींकडे बघण्यात घालवला. तुमची टाच, दादाची साखर आणि बाबांचा खोकला कसा आहे ते कळवा. (बाबा फोनवर खोकला मुळीच नाही म्हणतात आणि मग खोकतात.)

भिंतींचं असं झालं. मागच्या वेळी सहा महिन्यांसाठी आलेले बाबा पाच आठवड्यांत नागपूरला परतले, ते तुम्हाला आठवतच असेल. का, ते सांगितलं नाही. विमानतळावर फक्त एवढंच म्हणाले, "भिंती फार पांढऱ्या आहेत तुमच्या." मी हे वाक्य तेव्हापासून मनात घोळवते आहे. आता मार्चमध्ये ते पुन्हा यायचे आहेत, आणि या वेळी टिकावेत म्हणून त्यांच्या खोलीला रंग द्यायचं ठरवलं. (टिकावेत हा शब्द वडिलांबद्दल बरा दिसत नाही, पण दुसरा सुचत नाही.)

इथल्या रंगाच्या दुकानात रंगाला रंगाचं नाव नसतं. एकाचं नाव धुक्यावरून, दुसऱ्याचं कुणाच्या तरी आजीच्या टेबलक्लॉथवरून. मी दोन शनिवार तिथे नुसती उभी राहून परत आले. शेवटी पद्मजा, म्हणजे आमच्या शेजारची दादरची मैत्रीण, म्हणाली, "अगं, एखादं कापड घेऊन जा. त्यांचं मशीन कापड बघून डिट्टो रंग करून देतं." मला लगेच आईची ती साडी आठवली, तुम्ही कपाटातून काढून मला दिलीत ती. उभा धागा हिरवा, आडवा जांभळा, हलवली की रंग बदलणारी. बाबांना तिच्याइतकी दुसरी कुठली आवडलेली माहीत नाही. (कात्री लावली नाही. दुकानात पदराचा कोपरा तेवढा पुढे केला, बाकीची छातीशी धरून उभी होते.)

वहिनी, मशीन साडी हलवून बघत नाही. त्याने हिरवा आणि जांभळा एकत्र वाचला आणि दोन्ही मिळून जो होतो तो रंग काढला. तो शिळ्या कारल्याच्या भाजीचा होता. दुकानदाराने डब्याच्या झाकणावर बोटभर लावून दाखवला आणि अभिमानाने माझ्याकडे पाहिलं. त्याने इतकी मेहनत घेतली होती की मी थँक यू म्हणून दोन डबे उचलले. वाळल्यावर वेगळा दिसेल अशी मनाची समजूत घातली आणि चारही भिंतींना लावला. वाळल्यावर वेगळा दिसला खरा, आणखी गडद.

उल्हासने आधी एका कोपऱ्यात लावून बघ असं अनेकदा सांगितलं होतं. आता तो नुसता शीळ घालत घरभर फिरला. पद्मजा दारातूनच म्हणाली, "वेगळा आहे हं," आणि आत काही आली नाही. निधी म्हणाली, "मॉम, नोबडी कॅन स्लीप इन हिअर." मी सोळाव्या वर्षी आईला असं बोलले असते का, यावर मी बराच वेळ विचार केला. बोलले असते.

मग उल्हासमधला इंजिनिअर जागा झाला. साडीत दोन धागे वेगळे आहेत, तर भिंतीही वेगळ्या हव्यात. दारासमोरची आणि तिच्या लगतची हिरवी, उरलेल्या दोन जांभळ्या. आत जाताना हिरवं दिसेल, बाहेर येताना जांभळं. गेल्या रविवारी त्याने तसं केलं आणि मला आत-बाहेर चालवून सिद्धही करून दाखवलं. पण बाबा काही दिवसभर आत-बाहेर करणार नाहीत. मी त्यांच्या पलंगावर आडवी होऊन पाहिलं. लग्न आटोपून सगळे गेले आणि आपल्याला मांडवातच विसरले, असं वाटलं. आणि तिथेच मनात आलं, हे सगळं मी बाबांसाठी करते आहे, की ते पुन्हा लवकर निघाले तर मी काही कमी केलं नाही असं म्हणता यावं म्हणून? मग उठून ब्रश धुतले.

दादाला नमस्कार, ईशानला आशीर्वाद.

तुमची,
शोभना

ता. क. खरं काम लिहायचं राहिलं. बाबा मागच्या वेळी का परतले ते त्यांना तुम्हीच, आपलं सहज म्हणून, विचारा. मला धीर होत नाही. भिंतींमुळे असेल तर प्रश्नच नाही. आमच्यामुळे असेल तर तसंही लिहा, आडपडदा नको.

आणखी एक ता. क. विचारू नका. पाकीट बंद करायच्या आत बाबांचा फोन आला आणि मीच विचारून बसले. रंगाची सगळी हकीगतही सांगून टाकली. ते खूप हसले, खोकले, आणि मग म्हणाले, "भिंतींचं काय घेऊन बसलीस? सकाळी तुम्ही तिघं निघून जायचात. संध्याकाळपर्यंत माझ्यासमोर त्याच असायच्या, म्हणून लक्षात राहिल्या. तू जांभळ्या कर नाहीतर काळ्या, मी बोलणार कोणाशी?"

उद्याचं काम: मार्चपासून दुपारी जेवायला घरी आले तर चालेल का, हे ऑफिसात विचारणे.