झाकणाच्या आतली विभूती

अप्पा, आज पुन्हा एका गिऱ्हाइकाने विचारलं, "मॅडम, ही चिनीमातीची पट्टी टिकेल का?" आणि माझं डोकं फिरलं. त्या बिचाऱ्याची काही चूक नव्हती. प्रश्न तुमचा होता. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली तरी तो माझी पाठ सोडत नाही. छत्री घ्यायची असो, पातेलं घ्यायचं असो की जावई बघायचा असो, तुमचं आपलं एकच, "टिकंल का?"

घाटनांदूरची आपली डाळमिल डोळ्यांपुढे येते. बाहेरची यंत्रं तेव्हा नुकती देशात यायला लागली होती. लातूरच्या एका मिलमध्ये डाळ निवडणारं परदेशी यंत्र बघून तुम्ही आलात आणि त्या रात्री नीट जेवलाही नाहीत. मी शिकून घरी परतले होते. म्हटलं, अप्पा, हे मी करते. यंत्राचा डोळा काळा दाणा हेरतो, वीज मिळताच चिनीमातीची बारीक पट्टी केसभर वाकते, हवेचं तोंड उघडतं आणि फुंकरीने दाणा बाजूला उडतो. वीज थांबली की पट्टी पुन्हा सरळ. एवढंच काम, पण ते पत्र्याखालच्या उकाड्यात, तुरीच्या धुळीत, येत्या-जात्या लाइटीवर दिवसभर करायचं. सुरुवातीच्या पट्ट्या तडकल्या तेव्हा माझ्या नाकी नऊ आले होते. तुम्ही म्हणालात, "टिकली तर मागचं गोदाम तुझं. हितंच कारखाना टाक. पुण्याला कावून जायचं?" मला पुण्याला जायचंच नव्हतं, अप्पा. मला ते गोदाम हवं होतं.

पोळ्यापासून यंत्र सुरळीत चाललं. मग खंडेनवमी आली. तराजू, गल्ला, मोटर, सगळ्यांवर तीन बोटांनी ओल्या विभूतीचे पट्टे ओढत तुम्ही माझ्या यंत्रापाशी येता, थांबता, विचारता, "ह्याच्यात खरं काम कोण करतं, माय?" घरात आजवर कुणी मला असं विचारलेलं नसतं. मी हुरळून जाते, झाकण उघडून पट्टी दाखवते, आणि आईने हाक मारली म्हणून नैवेद्याचं ताट आणायला आत जाते. परत येते तर झाकण बंद, वर झेंडूचा हार, आणि तुम्ही हात जोडून उभे.

दुपारी यंत्र बघायला आडतवाले आले. बटण दाबलं. थोडा वेळ चाललं, मग चट् असा आवाज झाला, जळका वास सुटला आणि काळे दाणे चांगल्या डाळीत पडू लागले. तुम्ही हसून त्यांना म्हणालात, "पोरीचं काम हाय. जरा नाजूक हाय." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ते गेल्यावर मी झाकण उघडलं. पट्टीवर तीन पांढरे पट्टे होते, अगदी कडेपर्यंत ओढलेले.

"अप्पा, विजेच्या पट्टीवर ओली राख कावून लावली? वरून झाकणाला लावायची ना!"

"झाकणाला कावून लावू? काम तर ती करती ना."

"त्यानंच जळली ती!"

"इभूतीनं कधी काय बिघडत न्हाई, माय. टिकली न्हाई म्हन की सरळ."

गोदामात पोती लागली. मी पुण्याला नोकरी धरली. तिथे सूक्ष्मदर्शकाखाली ती पट्टी ठेवली, तर तिच्या दोन्ही अंगांवरची, वीज नेणारी चांदी तुमच्या बोटांच्या वाटेने सरकत एकमेकींना भिडलेली आणि मध्ये काळा चटका. एसटीडीवरून तुम्हाला सगळं समजावून सांगितलं. शांतपणे ऐकलंत आणि म्हणालात, "बरं. जेवलीस का?" पालथ्या घड्यावर पाणी! शेवटपर्यंत तुम्ही सगळ्यांना तेच सांगत राहिलात, की पोरीचं यंत्र टिकलं नाही. मला राग आहे, अप्पा, अजून आहे. तुमच्याइतक्या मानाने त्या पट्टीपुढे नंतर कुणी हात जोडले नाहीत, म्हणून तो जास्तच आहे.

आता मी पट्टी काचेसारख्या लेपात बंद करते. राखेच्या ढिगात, सरकी-रुईच्या धुळीत, मिठाच्या वाफेत ती चालते. ओली विभूती फासूनही चालवून बघितली, चालली. हे तुम्हाला सांगायचं होतं. पण मिलच्या पत्त्यावर पत्र टाकलं तर आता मिल बघणारा धाकटा भाऊ फोडेल आणि म्हणेल, ताईचं पुन्हा तेच. म्हणून टाकत नाही.

त्या गिऱ्हाइकाला मी छातीठोकपणे सांगितलं, बिनधास्त न्या, काही होत नाही. आणि दर खंडेनवमीला, अप्पा, विभूती मी झाकणावरच लावते. तीही कोरडी.