सतरा नंबरची सुरंगी

१ फेब्रुवारी, रविवार
साडेपाचला दामिनीचा फोन आला. आता जेवेन. नात माझी, कोकणात समुद्राकाठच्या जंगलात एकटी फिरते! नोकरीत तिच्या सरांनी वीस झाडं नेमून दिलीत — पालवी कधी, फूल कधी, फळ कधी, दर रविवारी पाहायचं. तिची वही एकदा भिजली, म्हणून दुसरी नोंद माझ्या रजिस्टरात. "सतरा नंबर, सुरंगी — कळी." वाघाचं विचारलं. म्हणते, "आबाजी, इथं खेकडे हायत. तुमी तर सिविक सेंटरच्या बाजारातबी एकटे जात नाही."

८ फेब्रुवारी
फोन नाही. सात वाजले. शेजारची राधाबाई म्हणते, नेटवर्क नसेल, कावून घाबरून राहिले? रजिस्टरात आजची ओळ कोरी. पाहवेना — जणू पोरगीच नाही! प्लांटात चौतीस वर्षं पंपाचं रीडिंग लिहिलं. कोरी जागा दिसली की फोरमन ओरडायचा. राहिलेल्या तासाला आम्ही मागचाच आकडा टाकायचो. तसंच केलं. वीसही झाडं मागच्यासारखी. सतरा — कळी.

९ फेब्रुवारी
आला फोन! काल ताप होता, जंगलात गेलीच नाही, म्हणाली. सरांनाही कळवलं. मी भरलेल्या ओळीचं बोललो नाही.

१५ फेब्रुवारी
नोंदी भराभर सांगितल्या. सतरा — कळी. खेकड्यांचं काही नाही.

२२ फेब्रुवारी
सतरा — कळीच. अजून?

२६ फेब्रुवारी
मुलानं, राजकुमारनं, महिन्याची पानं तिच्या सरांना मोबाईलवर पाठवली. बापाला विचारायचं तरी! आठ तारीखही गेली. खोटी नोंद तिच्या नावावर बसणार. नोकरी जाईल — माझ्यामुळे.

१ मार्च, रविवार
फोन आला. तिनं नोंदी सांगायच्या आधीच मी कबूल केलं. मग ती हळूच म्हणाली —
"आबाजी, मले ताप नव्हता. त्या रविवारी जंगलात एक माणूस मागं मागं येत होता. पळून आली. तवापासून गेलीच नाही. खोलीत बसूनच सांगून राहिली होती."
राजकुमारला कोकणचं तिकीट काढायला सांगितलं.

४ मार्च
दुर्गहून गाडीत बसलो. एकटा. सरांना तिनं सगळं सांगितलं. ते म्हणाले, सोबत कुणी असेल तरच जंगलात जा. रजिस्टर मांडीवर आहे. आठ, पंधरा, बावीस — तिन्ही रविवारच्या नोंदी खोडून लिहिलं, "पाहिलं नाही."
आठ मार्चची ओळ कोरी ठेवली आहे.