व्यंकटरावांचे तीन इस्पिक

आदरणीय जीवनराव यांना राणीसावरगावहून तुमच्या धाकट्या दाजींचा, परमेश्वरचा, मनापासून नमस्कार. नांदेडला कसं चाललंय, तुमचा गुडघा काय म्हणतो, वहिनींची शुगर खाली आली का, ते कळवा. इकडं सगळे खुशाल हायेत, फक्त मला झोप न्हाई. हे फोनवर सांगितलं असतं, पण तुमची बहीण राजेश्री शेजारीच बसलेली असते, आणि तिच्या मते मी तिच्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्यावर, व्यंकटरावांवर, जळतो. (जळतोच. पण ते तिनं म्हणायचं काम न्हाई.)

तर अधिक महिन्याचं धोंड्याचं जेवण पालमला तुमच्या गावच्या घरी झालं. आमी दोघंही जावईच, पण पाटावर आधी व्यंकटराव, ओवाळणं आधी व्यंकटरावांना, आणि धोतरजोडी दोघांना सारखी म्हणून दिली तरी त्यांच्या जोडीचा काठ माझ्यापेक्षा दोन बोटं रुंद. (मी मोजायला गेलो न्हाई, दिसला.) तेबी मी गिळलं असतं. पण औंदा मामांनी, म्हणजे तुमच्या वडिलांनी, आधीच सांगून ठेवलं होतं की धोंड्याच्या दिवशी जो जावई नीट खेळंल त्याला परभणीच्या ब्रिजच्या स्पर्धेला भिडू म्हणून नेणार. जीवनराव, सासऱ्याकडून मी लग्नात घड्याळ मागितलं न्हाई, गाडी मागितली न्हाई. मामांच्या समोर भिडू म्हणून चार लोकांत बसायचं, एवढंच मला पाहिजे होतं. हा खेळ त्यांनी मला माझ्या लग्नाच्या वर्षी शिकवला. (व्यंकटरावांना त्याच्याही आधी, हे वेगळं सांगायला नको.)

जेवण झाल्यावर सतरंजीवर डाव मांडला. माझ्यासमोर मामा, व्यंकटरावांसमोर मामी. मामींनी धोंड्यांचं पातेलं आणि तुपाची वाटी बाजूलाच घेतली होती, कारण जावयाचं पोट भरलं हे त्यांना कधी पटत न्हाई. मी पानं लावायलोय तोवर व्यंकटराव गरजले, "तीन इस्पिक!" आता ही चाल तुमाला ठाऊक हाय. एका रंगाची लांब ओळ हातात, बाकी ठणठण गोपाळ, मग बोली एकदम वर चढवायची म्हणजे पुढच्याची वाचा बसते. हा माणूस आयुष्यभर हेच करत आलाय. जिंतूरला कापसाचं जिनिंग टाकणार म्हणून किती वर्षं सांगायलाय, तिथं अजून बाभळी उभ्या हायेत. पण 'जिनिंगवाले दाजी' म्हणून मान चालू झालासुद्धा.

माझ्याकडं पंधरा पॉइंट, बदामाची सहा पानं, त्यात एक्का-राजा. पास म्हणावं तर व्यंकटराव फुकटात डाव घेऊन जाणार. चार बदाम म्हणावं तर मामांकडं काय हाय ते देवाला माहीत. मामांची शिकवण अशी, की अशा वक्ताला पुढच्याचं तोंड बघू न्हाई, आपली पानं बघावी. मी व्यंकटरावांचं तोंड बघितलं. त्यावर रुंद काठाचं समाधान होतं. तरी मी अगदीच बिनडोकपणे बोललो असं समजू नका. मी विचार केला, की माझी बोली बुडणार म्हणून डबल देऊन दंड दुप्पट करायचा, तर ते मामीच करणार. आणि अधिक महिन्यात जावई म्हणजे साक्षात नारायण. जेवायच्या आधीच मामींनी माझे पाय धुतले होते. पाय धुतलेल्या जावयाला कोणती सासू डबल देईल? या भरवशावर मी "चार बदाम" म्हणून मोकळा झालो.

मामींनी माझ्या ताटलीत धोंडा ठेवला, वर तुपाची धार सोडली, "घ्या, लाजू नका," म्हणाल्या, आणि त्याच मायेच्या सुरात म्हणाल्या, "डबल."

उरलेले सगळे बदाम मामींकडं निघाले, एक सोडून. ती दुरी मामांकडं होती. तीन हात कमी पडले. व्यंकटरावांनी हसत आपली पानं दाखवली, सात इस्पिक आणि बाकी रद्दी. मामा एवढंच म्हणाले, "पास म्हटलं असतं तर ते आपल्या आपण आपटले असते." मग त्यांनी जाहीर केलं, की परभणीला भिडू म्हणून ते मामींना नेणार. खरं सांगतो, व्यंकटरावांचा पत्ता कटला म्हणून मला आधी लय आनंद झाला. माझाबी कटलाय हे एसटीत बसल्यावर ध्यानात आलं.

असो. वहिनींना नमस्कार, लेकरांना आशीर्वाद. माझ्या मनात कुणाबद्दल काही न्हाई.

तुमचे धाकटे दाजी,
परमेश्वर

ता. क. निघताना धोतरजोड्यांची अदलाबदल झालीय. व्यंकटरावांची माझ्या पिशवीत आली. आता तिचा काठ मला अरुंद दिसायलाय.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवायच्या आधी घरच्या ग्रुपवर बघितलं, तर व्यंकटरावांनी टाकलंय, 'परभणीला आमची जोडी, मी आणि धाकटे साडू.' मला विचारलं न्हाई, सवरलं न्हाई, बोलून मोकळे! खाली सगळ्यांचे अंगठे. लय राग आला. मग ते मी परत वाचलं, आणि बरं वाटलं. अजून उत्तर दिलं न्हाई. तुमचं त्यांच्याशी जमतं, म्हणून तुमालाच एक काम सांगतो. गुपचूप विचारून कळवा, की या खेपेला त्यांच्या मनात खरंच काही हाय, का नुसतेच तीन इस्पिक. मी विचारलं म्हणून सांगू नका. पण लवकर विचारा, धोतर मी इस्त्रीला टाकलंय.