आत माणूस आहे

सोमवार, ४
लागलं बाई एकदाचं नवीन काम! सफाईच्या कंपनीने मला साबणाच्या कारखान्यावर पाठवलंय. ताईने ही वही दिली. तुझी बडबड ऐकायला मला वेळ नाही म्हणे, लिहून काढ. आधीची कामं मी आठवड्याभरात सोडली, त्यावरूनही टोमणा मारून झाला. यावेळी टिकून दाखवते की नाही बघ.

कामाची जागा म्हणजे साबण ढवळायची ही भलीमोठी टाकी, आत माझ्या उंचीची लोखंडी पाती. वरच्या तोंडातून शिडीने उतरायचं आणि पात्यांना चिकटलेला साबण खरवडायचा. जोडीला आमच्याच कंपनीच्या मावशी. मी आत, त्या वर तोंडापाशी. त्यांनी पहिल्याच दिवशी दोन गोष्टी घोकवून घेतल्या. उतरण्याआधी स्विचवर ‘आत माणूस आहे’ ही पाटी लटकवायची, आणि काही झालंच तर तीनदा ठोठावायचं. स्विचला कुलूप हवं, असं कंपनीने कळवलंय. कारखानेवाले म्हणाले, बघू.

मशीन चालवणाऱ्याला मी घाईसाहेब नाव ठेवलंय. माणूस चहासुद्धा चालता चालता पितो! मावशी पदर तोंडाला लावून हसल्या.

बुधवार, ६
टाकीत कुणी नसलं तरी पाटी लटकलेलीच. मशीन चालू आणि वर पाटी! मी ती काढली, स्वच्छ पुसली, खुंटीला लावली. मावशींचा चेहराच उतरला. माझ्या आधी त्यांची एक जोडीदारीण होती. एके दिवशी ती पाटी न लावताच उतरली, मावशी पाणी आणायला गेलेल्या, आणि घाईसाहेबांनी बटण दाबलं. तेव्हापासून ती ठोठावते, म्हणाल्या. पाटी काढली की फारच.

मी म्हटलं, मावशी, मला कशाला घाबरवता? पण त्या रडत होत्या. मला फार वाईट वाटलं.

गुरुवार, ७
ठोठावलं. टाकी रिकामी होती, मी स्वतः डोकावून पाहिलं होतं. झाकण लावलं आणि आतून टक, टक, टक. घाईसाहेब मान वर न करता म्हणाले, ती रोजचीच आहे, लक्ष देऊ नकोस. मी धावत जाऊन पाटी लटकवली. आवाज मंदावला.

शनिवार, ९
आता काम संपवून वर आले तरी पाटी तशीच ठेवते. असू दे गं बाई, तुझीच आहे ती.

सोमवारपासून मावशी दुसरीकडे. कारखानेवाल्यांचं म्हणणं, एका टाकीला दोन बायका कशाला? मी कंपनीत फोन केला. थोडे दिवस सांभाळून घे म्हणाले. नाही म्हणायला हवं होतं. पण ताई हसेल.

सोमवार, ११
एकटीच उतरले. मी खरवडायची थांबले, तरी पलीकडच्या पात्यावर खरवडणं चालूच. कशीबशी वर आले. जेवण गेलं नाही. ताईने विचारलं, काय झालं? काही नाही म्हटलं.

मंगळवार, १२
आत आहे. झाकण लागलं. कमरेला खोचलेल्या वहीत, डोक्यावरच्या बॅटरीच्या उजेडात लिहितेय. पाटी लावली होती, देवाशप्पथ लावली होती —

पण ती तर रोजच असते. मीच ठेवते. कोण बघणार तिच्याकडे?

ठोठावलं. तीनदा. पुन्हा तीनदा. ओरडले —

बाहेर कुणीतरी नवीन आहे. विचारतंय, आतून कसला आवाज येतोय? घाईसाहेब म्हणाले, ती रोजचीच आहे, लक्ष देऊ नकोस. आज ओरडतेय पण —

मी आहे! मी —

शेजारी कुणीतरी — तीही ठोठावतेय, माझ्यासाठी, जोरजोरात — अगं नको, थांब, तू थांब, तुझ्यामुळेच त्यांना वाटतंय —

ताई, मी येते गं घरी, फक्त —

पातं हललं