मिसळणाच्या डब्यातून हाक

चिक्कडपल्ली, हैदराबाद
भाद्रपद, १९९६

तीर्थस्वरूप हिम्मतराव दाजींच्या चरणी धाकटा मेहुणा हणमंत याचे दोन्ही हात जोडून नमस्कार, आणि अक्काला उरलेला अर्धा.

तुमच्या गुडघ्याने उदगीरची थंडी यायच्या आत शहाणपणा धरला असेल आणि अक्का पूर्वीसारखीच तुमची दुपारची झोप मोडून तुम्हाला भाजी निवडायला बसवत असेल, अशी आशा आहे. इकडे आम्ही उभयता ठीक. तेजस बंगलोरला कंप्यूटरमध्ये रमला आहे. रविवारी फोन करतो आणि ‘बाबा, आता मोबाइल घ्या’ एवढं सांगून ठेवतो. (मी मोबाइल घेऊन काय करू? ज्याच्याशी बोलायचं तो माणूस ठरलेला, त्याचा नंबर ठरलेला. कोण भेटणार हे आधीच माहीत असेल तर हाक मारण्यात गंमत काय राहिली?)

तर दाजी, विषय हाच आहे. तुम्ही पोलीस वायरलेसमध्ये उभा जन्म काढलात, निवृत्त झाल्यावर घरी सेट मांडलात आणि माझ्या मागे लागून मलाही हॅम रेडिओच्या परीक्षेला बसवलंत. लायसन आलं, फ्रेम करून भिंतीला लागलं, पण सेट नव्हता. तयार सेट घेणं माझ्यासारख्या रेल्वेच्या कारकुनाचं काम नव्हे. शेवटी सिकंदराबादला खलीलभाईंच्या दुकानात एक स्वस्तातलं किट दिसलं. भाग सुटे, पुड्यांमध्ये बांधलेले, घरी नेऊन आपले आपण जोडायचे. मी विचारलं, माल ताजा आहे ना? खलीलभाई म्हणाले, “हौ साब, परसोंच आया.” आता हैदराबादेत ‘परसों’ म्हणजे काल नव्हे एवढंच नक्की. परवाही असेल, निजामाच्या राज्यातलाही असेल. घरी येऊन पुड्या सोडल्या तर ज्या पेपरात त्या बांधल्या होत्या तो पिवळा पडून पापडासारखा मोडत होता. निम्मे भाग हवे ते नव्हते, आणि जे होते ते कुठे लावायचे हे सांगणारा कागद तेवढा उंदराने आधी वाचला होता.

कॉइल गुंडाळायच्या कड्या तर नव्हत्याच. खलीलभाईंनी त्यांच्या जागी नळाचे वॉशर दिले आणि म्हणाले, चल जाता. आणि चालले हो! मी घरात साठवलेले उरलेसुरले वॉशरही त्यात घातले. (स्वयंपाकघरातला नळ बदला म्हणून पद्मावती उन्हाळ्यापासून सांगते आहे. नळ अजून गळतो. घरातले सगळे वॉशर सध्या जगाशी संपर्क साधण्यात गुंतले आहेत, हे तिला अजून पटवून द्यायचं आहे.)

पण दाजी, ज्या सकाळी गच्चीवरच्या खोलीत तो सेट पहिल्यांदा बोलला, ती सकाळ मी विसरणार नाही. टाकीपासून कठड्यापर्यंत तार ताणली होती. बटन फिरवलं, आणि आधी नुसती सरसर आली, सुपात गहू पाखडल्यासारखी. मग त्या सरसरीतून एक बारीक शिट्टी, आणि शिट्टीच्या मागून माणूस. काय बोलत होता कळलं नाही, कुठला होता कळलं नाही. तो खोकला, एवढं मात्र मला स्पष्ट कळलं. कुठल्या तरी देशात कुणीतरी खोकलं आणि ते मी चिक्कडपल्लीत बसून ऐकलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू. आकाशात फार उंच हवेचा एक थर असतो आणि आपला आवाज त्यावर आपटून लांबवर खाली उतरतो, हे परीक्षेसाठी मी पाठ केलं होतं. खरं वाटलं ते त्या सकाळी. तेव्हापासून मी चालताना वर बघत चालतो. ऑफिसच्या बसमध्ये खिडकीशी बसतो आणि मनात म्हणतो, आत्ता या क्षणी डोक्यावरून किती लोक बोलत चालले असतील. या नादात उतरायचा स्टॉप रोज मागे राहतो आणि साहेब मला वेळेवर येणाऱ्यांत धरत नाहीत.

पुढची अडचण अशी की सेट फार लाजाळू निघाला. हात जवळ नेला की आवाज पळायचा. दूर झालो की परत यायचा. तुमच्याच पुस्तकात उपाय होता, सगळं धातूच्या डब्यात बंद करा. डबा बघायला बेगम बाजारला जायचं ठरवलं होतं, पण डबा घरातच होता. पद्मावतीचा मिसळणाचा डबा. मोठा, जाड, स्टीलचा, तेजसच्या मुंजीत तिला माहेरून आलेला. ती देवळात गेली होती. मी हळद, मोहरी, जिरं वाट्यांसकट ताटात काढून ठेवलं (झाकूनही ठेवलं, हे ती कुणाला सांगत नाही) आणि डब्याला बटनांपुरती भोकं पाडली. दाजी, असं बसलं सगळं, जणू त्या डब्यासाठीच किट जन्माला आलं होतं. सेट तापला की हिंगाचा वास येतो. डोळे मिटून ऐकावं, दूरदेशीचा माणूस कुजबुजत असतो आणि त्याच्याकडे फोडणी पडली आहे असं वाटतं. पद्मावती देवळातून आली तेव्हा मला हे सगळं तिला सांगायचं होतं. तिने ताटाकडे बघितलं, डब्याकडे बघितलं आणि चार दिवस फोडणीच घातली नाही.

ऐकायचं जमलं. राहिलं बोलायचं. रोज सकाळी आंघोळ करून वर जातो, माइक धरतो आणि विचारतो, कोणी ऐकतंय का? कोणी आहे का तिकडे? उत्तर नाही. मी वॉशर बदलले, तार वाढवली, तारेवर वाळत घातलेले टॉवेल काढले, एक ट्रान्झिस्टर जाळला आणि दोन बोटं भाजून घेतली. उत्तर नाही. (शक्ती किती, तर देवघरातल्या झिरोच्या बल्बाहूनही कमी. पण त्या बल्बात देव दिसतो की नाही?) आजवर माझी हाक पोचली ती फक्त शेजारच्या सरोजम्मांच्या टीव्हीपर्यंत. त्या ऐन मालिकेच्या वेळी धावत आल्या. “टीव्हीलो बातु अरुस्तोंदण्डी!” म्हणजे टीव्हीत बदक ओरडतंय. ते बदक मी होतो. तेव्हापासून जिन्यात भेटल्या की त्या माझ्याकडे काळजीने बघतात.

आता मूळ भानगड. गेल्या आठवड्यात जेवताना मी पद्मावतीला आकाशातल्या थराबद्दल सांगत होतो. ती मध्येच म्हणाली, आपण दोघं शेवटचं नीट बोललो ते कधी? मी काहीतरी बोलायचं म्हणून बोलून गेलो, परसों. ती ताटावरून उठत म्हणाली, “मराठी परवा, का हैदराबादी परसों?” मी बोटांवर दिवस मोजायला घेतले, बोटं संपली. मग तिने निकाल दिला. दसऱ्यापर्यंत एका तरी जिवंत माणसाने त्या डब्यातून माझ्या हाकेला उत्तर द्यायला हवं. नाही दिलं तर दसऱ्याला शस्त्रांबरोबर डबा पुजायचा, भोकं बुजवायची आणि हळद-मोहरी परत आत. तिच्या शब्दावर ती उभी राहते, हे तुम्हाला माहीत आहे. माझ्या हातून हा डबा गेला तर, दाजी, मी नुसता वर बघत चालणारा माणूस उरेन.

असो. तुमच्या प्रकृतीची चौकशी करायला म्हणून पत्र लिहिलं, दुसरा काही हेतू नाही. लोभ आहेच, तो गुडघ्यासारखा जपावा.

आपला,
हणमंत

ता. क. : येत्या रविवारी सकाळी, तेजसचा फोन होऊन गेल्यावर, मी पद्मावतीला वर बोलावून हाक मारणार आहे. तुम्ही नेहमीच्या जागी सेट लावून बसा आणि उत्तर द्या. नुसता लायसनवरचा कॉलसाइन सांगा, नाव सांगू नका. कॉलसाइनवरून ती ओळखणार नाही. नियमात बसतं, मी बघून घेतलं. आवाज तेवढा जरा नाकातून काढा, लांबचा वाटेल. परदेशी आहे असं मी म्हणणार नाही, पण तिने मानलं तर मी नाहीही म्हणणार नाही.

ता. क. २ : कृपा करून ‘हौ’ म्हणू नका. तुमच्या ‘हौ’वरून तुम्ही सिकंदराबाद स्टेशनच्या गर्दीतही ओळखू येता.

दाजींना पद्मावतीचा नमस्कार. पत्र पेटीत टाकायला माझ्याकडे दिलं, म्हणून वाचलं. तुम्ही रविवारी जरूर बोला, नाकातून बोलू नका, सर्दी झाल्यासारखं वाटतं. अक्कांना जवळ बसवा. डब्याचं मनावर घेऊ नका, बेगम बाजारातून मी दुसरा आणला, परसोंच. (हैदराबादी.) यांना सांगितलं नाही, कारण दसऱ्याची भीती नसती तर यांनी माणसाला पत्र लिहिलं नसतं. हे रोज वर बसून विचारतात ना, कोणी ऐकतंय का, तेव्हा मी जिन्यात चहा घेऊन उभी असते. सगळं ऐकते. माझ्याकडे लायसन नाही, म्हणून उत्तर देत नाही.