गेटच्या आतली घोडी

८ फेब्रुवारी, रविवार

घोडी आली. पुढच्या उजव्या पायाची नळी तुटून हाड बाहेर. आणि हे माझ्यामुळं झालं — ते आधी लिहून टाकते, मग बाकीचं.

हायवेवर दर दुसऱ्या रविवारी पहाटे घोडागाड्यांची शर्यत लागते. दोन्ही बाजूंनी मोटारसायकली, हॉर्न, चाबूक, टोकाला खिळा मारलेली काठी. मी तीन अर्ज दिले होते. तिन्ही वेळा पोलीस शर्यत संपल्यावर पोचले. या खेपेला काल मी स्वतःच ठाण्यात साहेबांसमोर खुर्ची ओढून बसले आणि म्हटलं, पुढून रस्ता अडवा. अडवला त्यांनी. मला वाटलं, गाड्या थांबतील. कोण थांबतंय! भरधाव गाड्या जागच्या जागी वळवायला गेले. एक मोरीच्या कठड्यावर आदळली. हाकणारा उडी टाकून पळाला. घोडी जुंपलेलीच राहिली.

काठेवाडी आहे. तांबूस अंग, कानांची टोकं आत वळून एकमेकांना टेकलेली. मी पायाशी बसले तेव्हा तिनं माझा खांदा हुंगला.

पिशवीत भुलीचं औषध होतं. तिला कायमचं झोपवायला पुरेल इतकं होतं. अशा वेळी कायदाही परवानगी देतो. पण भोवती शे-दीडशे माणसं, सगळ्यांचे मोबाईल वर धरलेले, आणि मी पांजरपोळची डॉक्टर. सव्वीस वर्षांत या हातांनी एकही जीव घेतला नाही, हे मी भाषणांतून सांगत आले. मग क्रेन मागवली, घोडी टेम्पोत चढवली. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

९ फेब्रुवारी

एक्स-रे काढला. सात तुकडे. जुळणार नाही. घोडं तीन पायांवर जगत नाही आणि फार काळ आडवंही राहू शकत नाही. शेडच्या तुळईला साखळी-कप्पी लावली, पोटाखालून कॅनव्हासचा पट्टा घेतला आणि तिला उभी टांगली.

अमुलखभाई देरासरातली पूजा आटोपून थेट आले, कपाळावर ओलं चंदन. तेच आमचे मोठे ट्रस्टी. त्यांच्या शब्दाबाहेर इथं चारासुद्धा हलत नाही.

मी म्हटलं, "हिला मोकळं करू या."

"मोकळं केलंच की आपण. त्या चाबकातून."

"मी काय म्हणतेय ते तुम्हाला कळतंय."

"कळतंय, बेन. म्हणूनच ऐकलं नाही."

माणूस वाईट असता तर सोपं होतं. दुष्काळाच्या वर्षी हाच माणूस चार महिने ट्रकच्या टपावर बसून चारा आणत हिंडला. एकेका वासराला हातानं पाणी पाजलं. गेटवर पाटी आहे — आत आलेला जीव आपल्याच मरणानं जाईल. अक्षरं गेल्या दिवाळीत मीच नव्यानं रंगवून घेतली.

१० फेब्रुवारी

गूळ-बाजरी खाल्ली. पाणी प्यायली. गोठा बघणाऱ्या समजूबेननं बाधा घेतली, नवसच म्हणा — घोडी पायावर उभी राहीपर्यंत चहा बंद. समजूबेननं चहा सोडला! मी म्हटलं, अगं, विचारायचंस तरी मला. म्हणाली, "तुम्ही आधी हो म्हणाला असता का?"

१२ फेब्रुवारी

घोडीचे मालक आले, उनडबापू. सत्तरीचे, पांढरे कल्ले, हातात काठी. शर्यतीला घोडी पुतण्यानं नेली होती, न विचारता.

लांबूनच हाक मारली, "फूलमाळ!" टांगलेल्या घोडीनं मान वळवली आणि बारीक खिंकाळली. चार दिवसांत पहिल्यांदा आवाज काढला. म्हणजे नाव फूलमाळ.

मी जरा ताठ्यातच बोलले, "पुतण्याला आवरायचं होतं, बापू."

"आवरलंय. पुढचे दोन दात नाहीत आता त्याला." मग पायाजवळ वाकून बघितलं. बराच वेळ बघितलं. "हिची नाळ मी कापलीय, बेन. द्या मला. शेतात नेतो. बंदूक आहे घरात. तोंडात गूळ असेल तिच्या, तिला कळणारही नाही."

मी पाटीकडं बोट दाखवलं. खरंच दाखवलं. शिवाय सांगितलं, केस चालू आहे, पोलिसांनी घोडी आमच्या ताब्यात दिलीय, तुम्हाला नेता येणार नाही.

म्हणाले, "मी हिच्या अंगाला कधी चाबूक लावला नाही. तुम्ही हिला खाटकासारखं टांगलंय. आता क्रूर कोण, ते तुमच्या चोपडीत तुम्हीच लिहा."

लिहिलं.

१४ फेब्रुवारी

पेपरात फोटो. घोडीला जीवदान! शाळेच्या मुली रांगेनं गूळ घेऊन आल्या. एकीनं विचारलं, ही पळणार कधी? मी म्हटलं, लवकरच.

१६ फेब्रुवारी

अमुलखभाईंच्या आईनं संथारा घेतला. जडावबा. वय एक्क्याण्णव. महिनाभर अन्न नकोच म्हणत होत्या. काल महाराजसाहेबांना बोलावून, घरच्यांना समोर बसवून, पूर्ण शुद्धीत हात जोडले आणि सगळ्यांची क्षमा मागितली. आता अन्न नाही, पाणीही नाही. पाठशाळेत मला नवकार मंत्र जडावबांनीच शिकवला. चुकलं की कान धरायच्या.

मी गेले तर म्हणाल्या, "कांदा खाऊन आलीस ना?" खाल्ला होता. डोळे मिटलेले होते, नाक नव्हतं मिटलेलं.

अमुलखभाई दारात उभे. रडत नव्हते. अंगणात बायका स्तवनं म्हणत होत्या.

१८ फेब्रुवारी

ज्याची भीती होती तेच. सगळा भार पेलून फूलमाळचा डावा पुढचा खूरही आतून सुटायला लागलाय. पट्ट्याखाली जखमा झाल्यात, त्यांना वास येतो. अंगाला सतत घाम. दात खाते. दुखण्याचं औषध बेतानंच देते — जास्त दिलं तर पोट आणि मूत्रपिंड जातं. म्हणजे ती जास्त दिवस जगावी म्हणून मी तिला जास्त दुखू देतेय. हे वाक्य लिहून दोनदा वाचलं.

अमुलखभाईंना गाठलं. तोंड सोडलंच आज. "घरात बांना जाऊ देताय. वाजतगाजत जाऊ देताय. मग हिनं काय घोडं मारलंय?" रागात तोंडातून काय निघेल, नेम नाही.

ते हसले नाहीत. "बानं स्वतः ठरवलं, बेन. हिचं कुणी ठरवायचं? तुम्ही? मी? आज घोडीचं ठरवू. उद्या भाकड म्हशीचं, परवा आंधळ्या बैलाचं. साडेआठशे जनावरं आहेत आत. पाटी उतरवायला एक दिवस पुरतो."

साडेआठशे आहेत, हे खरं आहे.

१९ फेब्रुवारी

फूलमाळनं खाणं सोडलं. गूळ तोंडाशी धरला तर मान फिरवते. पाणीही नको. नाकातून नळी घालून पेज ओतली. चार माणसांनी धरली होती. डोळ्याचं पांढरं दिसत होतं.

समजूबेन चहाविना डोकं धरून बसली होती. म्हणाली, "बाधा चुकीची घेतली मी. उभं राहण्याची घेतली. सुटण्याची घ्यायला हवी होती."

२० फेब्रुवारी

नळी. दोनदा. नाकातून रक्त आलं.

२१ फेब्रुवारी

संध्याकाळी जडावबांकडे. आवाज गेलाय जवळपास, कान तोंडाशी न्यावा लागला.

"घोडीनं खाल्लं का गं?"

"नाही, बा. तीन दिवस झाले. नळीनं घालतेय."

"मला घालशील नळी?"

"नाही."

"मग तिला का?"

अमुलखभाई उशाशी बसले होते. बांनी बोटानं त्यांना जवळ बोलावलं. "अमुलख, तिलाही अन्नपाणी सोडण्याचं पच्चखाण दे. कानात नवकार म्हण. जाऊ दे तिला."

"बा, ती मुकी आहे. व्रत द्यायचं तर तिचा होकार कुणी घ्यायचा?"

"तोंड फिरवलं ना तिनं? अजून कसा द्यायचा होकार?"

अमुलखभाई उठून पायथ्याशी गेले. मग आईच्या पायांवर डोकं ठेवलं.

२२ फेब्रुवारी, रविवार

सकाळी अमुलखभाई अनवाणी आले. फूलमाळच्या कानाशी तोंड नेलं, बारा वेळा नवकार म्हटला आणि तिच्यासाठी अन्नपाण्याचा त्याग उच्चारला. तिचा तो वळलेला कान हलत होता. मी नळी काढली, सलाईन काढलं. समजूबेननं पाण्याची बादली उचलून बाहेर नेली. सगळ्यांनी हात जोडले, मीही.

मी दोन मिनिटांचं मरण मागितलं होतं. मिळालं चार-पाच दिवसांचं. तरी मी गप्प राहिले. पाटी शाबूत राहिली, बांचा शब्द राहिला, माझी सव्वीस वर्षं राहिली. सगळ्यांचं सगळं राहिलं! घोडीचं काय, ते कुणी विचारलं नाही. मीही नाही.

एक केलं. मूत्रपिंड आता कशासाठी वाचवायचं? दुखण्याचं औषध दुपटीनं दिलं. संध्याकाळी परत दिलं. औषधाला पच्चखाण लागू होतं की नाही, ते मी विचारलं नाही.

२३ फेब्रुवारी

सकाळी दहाला जडावबा गेल्या. आठ दिवस. शेवटच्या तासाला सुनेनं ओलं फडकं ओठांना लावू का विचारलं, तर मानेनंच नको म्हणाल्या. चेहरा असा, की नवकार न चुकता म्हटला म्हणून आपणच आपल्यावर खूश झालेल्या. पालखीत बसवून नेलं. अर्धं गाव होतं. मी रडले. लहानपणानंतर एवढी रडले नव्हते.

फूलमाळ तशीच. घाम मात्र थांबलाय. दात खात नाही.

२४ फेब्रुवारी

आज जे झालं ते नीट लिहायला हवं.

सकाळी समजूबेन पलीकडच्या म्हशींना पाणी दाखवत होती. बादलीची कडी वाजली. फूलमाळ खिंकाळली. उनडबापूंना बघून खिंकाळली होती तशी. मी धावले. मान लांब काढून, नाकपुड्या फुलवून ती बादलीकडं बघत होती. परत खिंकाळली. परत.

तिला पाणी हवं होतं.

तिनं अन्न टाकलं नव्हतं. तिला दुखत होतं, एवढंच. मी औषध बेतानं देत होते म्हणून दुखत होतं. दुखणं उतरलं तशी तहान लागली. सव्वीस वर्षांची डॉक्टर मी, मला हे कळू नये? कळलं असेलही. होकार म्हणून चालवून घेणं सोयीचं होतं.

समजूबेन बादली घेऊन उभी. "देऊ का, बेन?" मी बघत राहिले. दिलं तर पच्चखाण मोडतं. बांच्या शब्दानं दिलेलं, बांना जाऊन एकच दिवस झालेला. समजूबेनच्या हातातल्या बादलीत पाणी हिंदकळत होतं, आणि घोडी त्या प्रत्येक हिंदकळण्याला कान टवकारत होती.

तेवढ्यात अमुलखभाई आले. सुतकाचे पांढरे कपडे. त्यांनी बघितलं. फूलमाळनं त्यांच्याकडं बघून पुन्हा आवाज काढला. ते चाऱ्याच्या पेंढीवर बसले.

"बानं शेवटपर्यंत मागितलं नाही," म्हणाले. "हिनं मागितलं."

मी म्हटलं, "हो."

"म्हणजे मी हिच्यावर व्रत लादलं. दोन दिवस तहानेनं मारलं."

"आपण. तुम्ही एकटे नाही."

समजूबेननं मग कुणाला न विचारता बादली पुढं केली. फूलमाळ अर्धी बादली प्यायली. पाणी दिलं म्हणून पाय जुळणार नाही. डावा खूर सुटलाच आहे. उद्यापासून परत तेच — पट्टा, जखमा, जमेल तेवढे दिवस. आमच्या हातांनी.

अमुलखभाई उठून जायला निघाले. मी सरळ सांगितलं, "उद्या सकाळी आठला मी तिला सोडवणार आहे. राजीनामा आज लिहून ठेवते. पोलिसांना, उनडबापूंना मीच कळवते." ते थांबले नाहीत. मागं वळूनही बघितलं नाही. गेटपाशी पाटीखाली जरा वेळ उभे होते, मग गेले.

राजीनामा लिहिला. चार ओळी. उनडबापूंना फोन केला. "येतो," म्हणाले, आणि फोन ठेवला.

२५ फेब्रुवारी

सव्वाआठला. डोकं उनडबापूंच्या खांद्यावर होतं. गूळ खाऊन ती पाणी पीत होती, तेव्हाच सुई दिली. पाणी संपायच्या आत मान खाली गेली.

बादली अमुलखभाईंनी धरली होती.